हृद्रोगाची रोजकीर्द आणि खतावणी

देगलूरच्या बाजारपेठेंत सकाळीं एखाद्या दुकानाच्या फळ्या निघाल्या नाहींत, म्हणजे शेजारीं चौकशी होते. आणि मालक रात्रीं अकस्मात् वारल्याचें कळलें, कीं दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी सांगून टाकतो, ‘हार्ट फेल झालें.’ हे दोन इंग्रजी शब्द मराठींत आतां इतके रुळले आहेत, कीं त्यांचा अर्थ विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. मरण अचानक आलें, कारण नीटसें समजलें नाहीं, आणि घरच्यांस अधिक विचारणें बरें दिसत नाहीं, एवढें सगळें त्या दोन शब्दांत मावतें. वैद्यकशास्त्रांत मात्र याच शब्दांचा अर्थ अगदीं निराळा आहे. तेथें तें मरणाचें नांव नसून आजाराचें नांव आहे. आणि तो आजार जडलेला माणूस योग्य उपचार मिळाल्यास कित्येक वर्षें हिंडूं-फिरूं शकतो.

हा अर्थभेद केवळ बोलण्यापुरता राहिला असता, तर फारसें बिघडलें नसतें. परंतु तेच शब्द केसपेपरवर उतरतात, डिस्चार्ज कार्डावर उतरतात, विम्याच्या कागदांत जातात आणि शेवटीं मृत्यूच्या दाखल्यावरही येऊन बसतात. तेथून त्यांचा एक सांकेतिक क्रमांक होतो आणि तो क्रमांक राज्याच्या, देशाच्या व जगाच्या तक्त्यांत जाऊन पडतो. या वाटेवर काय सांडतें, आणि सांडल्याची किंमत कोणास मोजावी लागते, हें समजून घेण्यासारखें आहे. सीमेवरच्या गांवांत तर तें अधिकच स्पष्ट दिसतें. देगलूर हें नांदेड जिल्ह्याचें तालुक्याचें गांव. तेलंगण व कर्नाटक हीं दोन्ही राज्यें येथून हाकेच्या अंतरावर. रोगी प्रथम गांवांतल्या रुग्णालयांत जातो. तेथून नांदेडला, लातूरला, निजामाबादेस, बिदरला, नाहीं तर थेट हैदराबादेस. म्हणजे त्याच्या बरोबर जाणारा कागद तीन राज्यांत आणि चार भाषा बोलणाऱ्या माणसांच्या हातीं पडतो. तो कागद नीट बोलला नाहीं, तर रोग्याला आपली कहाणी प्रत्येक दारीं नव्यानें सांगावी लागते. आणि ज्याला धाप लागली आहे, त्याला बोलणेंच तर सर्वांत अवघड.

आधीं आजाराविषयीं. हृदय हा पंप आहे, असें पुस्तकांत सांगतात. परंतु मराठवाड्यांत ज्यांनीं विहिरीवरची मोट पाहिली आहे, त्यांस ही गोष्ट मोटेवरून अधिक चांगली उमगेल. मोट खालीं जाते, पाण्यानें भरते, बैल तिला वर ओढतात आणि ती थारोळ्यांत रिती होते. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे अशी एक खेप. आणि अशा सुमारें एक लाख खेपा दिवसाकाठीं होतात. आतां शेतांत पाणी कमी पोंचूं लागलें, तर त्याचीं मुख्य कारणें दोन. एक तर बैल थकले असतील, मोट पूर्ण वर येत नसेल. किंवा बैल धडधाकट असून मोटेचें कातडेंच वाळून ताठर झालें असेल. मग ती पुरती फुलत नाहीं, भरतच नाहीं, आणि जें भरलें नाहीं तें थारोळ्यांत कोठून पडणार? शेताला दोन्ही वेळां कोरडच पडते. पण उपाय मात्र एक नव्हे.

हृदयाच्या दौर्बल्याचेही असेच दोन मुख्य प्रकार आहेत. हृदयाच्या डाव्या जवनिकेंत, म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यांत, जेवढें रक्त भरतें त्यांपैकीं शेंकडा किती भाग एका ठोक्यासरशीं बाहेर पडतो, तें टू-डी एको या तपासणीनें मोजतां येतें. या प्रमाणास इजेक्शन फ्रॅक्शन अथवा थोडक्यांत ई. एफ. म्हणतात. निरोगी हृदयाचा ई. एफ. साधारणपणें ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो, म्हणून ५५ हा आंकडा पाहून ‘अर्धेंच हृदय चालतें’ असें समजून घाबरण्याचें कारण नाहीं. तो ४० किंवा त्याहून खालीं आला, तर स्नायूची ओढ कमी झाली, बैल थकले. धाप आहे, पायांवर सूज आहे, पण ई. एफ. ५० किंवा त्याहून अधिक आहे, तर मोट ताठरली असण्याचा संभव अधिक. ४१ ते ४९ हा मधला पट्टा. पहिल्या प्रकारांत चार निरनिराळ्या वर्गांतील औषधें एकत्र दिल्यानें आयुष्य वाढतें, असें मोठमोठ्या चांचण्यांनीं सिद्ध झालें आहे. दुसऱ्या प्रकारांत त्या चारही औषधांचा तितका भरवसा देतां येत नाहीं. मूळच्या मधुमेहासाठीं निघालेल्या एका नव्या वर्गाच्या गोळ्यांचा मात्र दोन्ही प्रकारांत उपयोग दिसून आला आहे. तेव्हां कोणता प्रकार, हा प्रश्न पंडितांच्या वादाचा नाहीं. रोग्याच्या पुडींत कोणत्या गोळ्या पडावयाच्या, याचा आहे.

प्रकाराप्रमाणेंच आजाराचा वेगही पाहावा लागतो. कांहींना हें दुखणें एकाएकीं उद्भवतें, कांहींना वर्षानुवर्षें असतें, आणि पुष्कळांच्या बाबतींत जुनें दुखणें मधूनच बळावतें. तिसरी गोष्ट कारणाची. रक्तवाहिन्यांतील अडथळे, पूर्वीं येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, उच्च रक्तदाब, लहानपणच्या संधिवाती तापानें बिघडलेल्या झडपा, हृदयाच्या स्नायूचेच रोग, अशीं तीं कारणें आहेत. केरळांत त्रिवेंद्रम येथें २०१३ सालीं या आजारासाठीं रुग्णालयांत दाखल झालेल्या १२०५ रोग्यांची पद्धतशीर नोंद करण्यांत आली. त्यांचें सरासरी वय ६१च्या आसपास होतें, आणि शेंकडा ७२ जणांच्या दुखण्याचें मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील विकारांत होतें. पाश्चात्त्य देशांतील रोग्यांहून हें वय बरेंच कमी आहे. आपल्याकडे हा आजार माणसाला कर्तेपणींच गांठतो, ही गोष्ट कळली ती केवळ कोणीतरी १२०५ कागद नीट लिहिले म्हणून.

येथें व्यापाऱ्याच्या पेढीवरचा एक जुना नियम आठवतो. दिवसभराचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दींत लिहावयाचा, आणि मग तेथून ज्याचा त्याच्या खात्यांत खतवावयाचा. रोजकीर्दींत नाहीं, तें खतावणींत येऊं शकत नाहीं. आणि मुनिमानें तें मनानें आणून घातलें, तर त्याला हिशेब न म्हणतां लबाडी म्हणतात. रुग्णालयांतही हींच दोन कामें आहेत. डॉक्टर व परिचारिका रोग्याविषयीं जें लिहितात ती रोजकीर्द. त्यावरून प्रत्येक आजाराला व उपचाराला ठरलेला क्रमांक लावणें ही खतावणी. या दुसऱ्या कामास मेडिकल कोडिंग म्हणतात, आणि तें करणाऱ्यास कोडर.

समजा, देगलुरांतील साठीच्या घरांतला एक किराणा व्यापारी आहे. रक्तदाब जुना. चार वर्षांपूर्वीं झटका येऊन गेलेला. हातांत बरें वाटूं लागल्यावर गोळ्या सोडलेल्या. एके रात्रीं तो धाप लागून उठून बसतो. आडवें होतां येत नाहीं, उशा रचून टेकावें लागतें, पावलें सुजलेलीं. उपजिल्हा रुग्णालयांत इंजेक्शन देऊन त्याला नांदेडला पाठवितात. नांदेडला तो बरा होतो आणि घरीं येतो. कार्डावर निदानाच्या रकान्यांत तीन अक्षरें असतात: सी. सी. एफ. दोन महिन्यांनीं लेकीकडे हैदराबादेस गेला असतां पुन्हा तोच प्रकार होतो. तेथला डॉक्टर तेलुगूंत विचारतो, लेक मोडक्या उर्दूंत सांगते, आणि कार्डावरचीं तीं तीन अक्षरें दोघांकडे पाहत राहतात. तीं खोटीं नाहींत. हृदय दुर्बळ आहे व अंगांत पाणी सांचलें आहे, इतकें तीं सांगतात. परंतु ई. एफ. किती होता, दुखणें नवें कीं जुनें, मूळ कारण कोणतें, मूत्रपिंडें कशीं आहेत, घरीं जातांना वजन किती होतें, यांतलें कांहींच त्यांना ठाऊक नाहीं. मग सगळ्या तपासण्या पुन्हा होतात. पैसे पुन्हा जातात. आणि जो वेळ औषधाला मिळावयाचा, तो चौकशींत जातो.

त्याच रकान्यांत असें लिहितां आलें असतें: ‘उच्च रक्तदाबामुळें व पूर्वींच्या झटक्यामुळें झालेलें जुनें हृदय-दौर्बल्य, ई. एफ. ३० टक्के, गोळ्या बंद केल्यानें तें एकाएकीं बळावलें, मूत्रपिंडाचा जुना विकार, तिसरी पायरी.’ लिहिण्यास एक मिनिट लागलें असतें. एका मिनिटाची ही काटकसर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे पाहिलें म्हणजे समजण्यासारखी आहे. शंभर माणसें दाराशीं उभीं असतां एकट्या डॉक्टरानें वाक्यें रचीत बसावें, असें म्हणणें सोपें आहे. पण दाखल होऊन घरीं जाणाऱ्या रोग्याचें कार्ड ही निराळी गोष्ट आहे. तो रोगी पुढें ज्या डॉक्टरापुढें उभा राहील, त्याला लिहिलेलें तें पत्र आहे.

आतां खतावणीकडे वळूं. आजारांना आंकडे कशाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु महाराष्ट्रांतील माणसाला ही रीत मुळींच परकी नाहीं. जमिनीच्या उताऱ्याचें नांवच ‘सातबारा’ आहे. तो नमुना क्रमांक सात व नमुना क्रमांक बारा यांचा जोड. टपालाचा पिनकोड तर एका मराठी माणसानेंच देशाला दिला. टपाल खात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं आंखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. एकाच नांवाचीं अनेक गांवें, प्रत्येकाची लिपि निराळी, हस्ताक्षर निराळें. त्यामुळें पत्रें भलतीकडे जात. देगलूरचा पिनकोड ४३१७१७. त्यांतील पहिला ४ पाहतांच पत्र देशाच्या कोणत्या विभागांत जावयाचें हें कळतें. पहिल्या तीन अंकांनीं टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो. आणि शेवटचे तीन अंक तें नेमक्या कचेरींत नेऊन पोंचवितात. पत्त्यावरील अक्षरें कानडी असोत कीं उर्दू, बटवडा चुकत नाहीं.

आजारांचे क्रमांकही याच धाटणीचे आहेत. वर सांगितलेल्या व्यापाऱ्याच्या हृदय-दौर्बल्याचा अमेरिकेंत चालणारा क्रमांक ‘आय ५०.२३’ असा होईल. ‘आय’ हें अक्षर रक्ताभिसरणाच्या रोगांचें प्रकरण दाखवितें. ५० म्हणजे हृदयाचें दौर्बल्य. टिंबापुढील २ म्हणजे स्नायूची ओढ कमी झालेला प्रकार. तेथें ३ असता, तर ताठरलेल्या हृदयाचा. ४ असता, तर दोन्ही मिळून. शेवटचा ३ सांगतो, कीं दुखणें जुनें असून आतां बळावलें आहे. १ म्हणजे एकाएकीं झालेलें, २ म्हणजे नुसतें जुनें. त्याला रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकारही असल्यानें ‘आय १३.०’ हा क्रमांक आधीं लावावा लागेल, कारण त्या वहीच्या नियमाप्रमाणें हे तीन विकार एकत्र आले, कीं डॉक्टरानें उलट लिहिलें नसल्यास ते परस्परांशीं जोडलेले मानतात. आणि कार्डावर नुसतेंच ‘हृदय-दौर्बल्य’ असेल तर? मग क्रमांक ‘आय ५०.९’: प्रकार न सांगितलेलें. म्हणजे देगलूरच्या माणसाला पत्र धाडतांना पाकिटावर नुसतें ‘भारत’ लिहावें, तसें. भारतांत वापरांत असलेल्या मूळ जागतिक वहींत ‘आय ५०’ खालीं तीनच पोटभाग आहेत. हा सगळा बारीक विस्तार अमेरिकेनें आपल्यापुरता केलेला आहे, आणि तो तेथें १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला.

ही वही कांहीं एका दिवसांत झाली नाहीं. लंडनचा एक व्यापारी जॉन ग्रांट यानें १६६२ सालीं शहरांतील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलें, तेव्हां कोण कशानें मरतें याचा हिशेब मांडतां येतो, हें जगाला प्रथम कळलें. एकोणिसाव्या शतकांत विल्यम फार यानें इंग्लंडमध्यें रोगांचीं नांवें एकसारखीं असावींत असा आग्रह धरला. एकाच रोगाला तीनचार नांवें आणि एकाच नांवाखालीं तीनचार रोग, हा गोंधळ त्याला दिसला होता. १८९३ सालीं फ्रान्सच्या जाक बर्तियों यानें मृत्यूच्या कारणांची यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढें मांडली. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती आपल्याकडे घेतली, आणि त्या सहाव्या आवृत्तींत मरणांबरोबर आजारांचीही प्रथमच गणना झाली. दहावी आवृत्ति १९९० सालीं मान्य झाली. अकरावी २०१९ मध्यें मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत डाव्या जवनिकेच्या दौर्बल्याचे ई. एफ. प्रमाणें तीन भाग मूळ जागतिक यादींतच केले आहेत. म्हणजे मोट ताठरली कीं बैल थकले, हा प्रश्न आतां जगभरच्या वहीनें विचारला आहे. उत्तर मात्र लिहिणाऱ्यानेंच द्यावयाचें आहे.

या आंकड्यांचें पहिलें काम मृत्यूच्या दाखल्यावर दिसतें. जन्म-मृत्यु नोंदणीचा भारतांतील कायदा १९६९चा. त्याखालीं रुग्णालयांत झालेल्या मृत्यूचें कारण नमुना क्रमांक ४ मध्यें व घरीं झालेल्या मृत्यूचें कारण नमुना क्रमांक ४-अ मध्यें डॉक्टरानें लिहावयाचें असतें. नमुन्यांतील सूचना स्पष्ट आहे: ज्या रोगानें, इजेनें वा गुंतागुंतीनें मृत्यु आला तो लिहावा, केवळ मरण्याची रीत लिहूं नये. आणि अशा रीतीचें उदाहरण म्हणून तेथें जे शब्द छापले आहेत, त्यांत पहिला शब्द ‘हार्ट फेल्युअर’ हाच आहे. कारण उघड आहे. प्रत्येकाचें हृदय शेवटीं थांबतेंच. तें कां थांबलें, हा प्रश्न आहे.

म्हणून नमुन्यांत पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या ओळींत अगदीं शेवटचें कारण, दुसरींत तें ज्यामुळें आलें तें, तिसरींत सगळ्याच्या मुळाशीं असलेला रोग; आणि दुसऱ्या भागांत मरणास हातभार लावणारे इतर आजार. वरील व्यापारी दुर्दैवानें दगावला असता, तर वरची ओळ फुफ्फुसांत पाणी भरल्याची, तिच्याखालची जुन्या हृदय-दौर्बल्याची, आणि तळाची हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची, अशी मांडणी शोभली असती. जगाच्या तक्त्यांत मोजली जाते ती मुळाशीं असलेल्या रोगाची ओळ. एकाच ओळींत ‘हृदयक्रिया बंद पडली’ असें लिहून दाखला पुरा केला, तर रक्तदाबानें गेलेला, झटक्यानें गेलेला आणि बिघडलेल्या झडपेनें गेलेला, तिघेही एकाच अंधाऱ्या खोलींत कोंडले जातात. रोगांचा जागतिक भार मोजणारे संशोधक अशा क्रमांकांना कचऱ्याचे क्रमांक म्हणतात. शब्द कठोर आहे, पण अयोग्य नाहीं.

त्यांतही दाखला मिळतो तो थोड्यांना. २०२० सालीं भारतांत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा २२.५ मृत्यूंनाच डॉक्टरानें लिहिलेलें कारण होतें. त्या कारण लिहिलेल्या मृत्यूंत रक्ताभिसरणाच्या रोगांचा वांटा शेंकडा ३२.१, म्हणजे सर्वांत मोठा होता. ज्यांचें कारण कोणी लिहिलेंच नाहीं, त्यांच्याविषयीं हा तक्ता मुका आहे. २०२३ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रत्येक रुग्णालयानें आजाराच्या इतिहासासह कारणाचा दाखला निबंधकाकडे द्यावा व त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास द्यावी, असें ठरलें. १ ऑक्टोबर २०२३ पासून तें लागू आहे. हृदयाच्या तपासणीचें यंत्र कोठें द्यावयाचें, रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या तालुक्याला किती लागतील, हें सरकारानें ठरवावयाचें तें असल्याच आंकड्यांवरून. देगलूर तालुक्यांतील दाखले मोघम राहिले, तर तेथील गरजही कागदावर मोघमच राहणार.

आंकड्यांचें दुसरें काम पैशाचें. महाराष्ट्र शासनानें २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, आणि त्या आठांत नांदेड होता. २०१३च्या नोव्हेंबरांत ती सर्व राज्यांत गेली. २०१७ पासून तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचें नांव आहे. २०२३च्या निर्णयानें दर कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचें ठरलें. अशा योजनेंत उपचाराचा प्रत्येक संच क्रमांकानें ओळखला जातो, आणि त्या क्रमांकाच्या मागें एकोचा अहवाल, ईसीजी, डॉक्टरांची टिपणें असावीं लागतात. कागद अपुरा असला, कीं मंजुरी अडते; रोगी खाटेवर आणि मुलगा आरोग्यमित्राच्या टेबलाशीं उभा, असें दृश्य मग दिसतें.

खासगी विम्यांत याहून नाजुक गोष्ट असते. पॉलिसी घेण्यापूर्वींपासून असलेल्या आजाराला कांहीं काळ संरक्षण मिळत नाहीं. २०२४च्या नियमांनीं हा काळ जास्तींत जास्त ३६ महिन्यांचा केला आहे. आतां दाखल होतांना घाबरलेल्या मुलानें सहज सांगितलें, ‘बाबांना खूप वर्षांपासून दम लागतो,’ आणि कोणी केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून हृद्रोग’ असें लिहून ठेवलें, तर तें एक वाक्य पुढें सगळ्या दाव्याच्या आड येऊं शकतें. दम लागणें हें लक्षण. हृद्रोग हें निदान. पहिलें केव्हांपासून, आणि दुसरें केव्हां ठरलें, हीं दोन टिपणें निराळीं लिहावयास हवींत. खोटें लिहिण्याचा येथें प्रश्नच नाहीं. जेवढें खरें ठाऊक आहे, तेवढेंच लिहावें, इतकेंच.

या खतावणीवर आतां मोठा रोजगारही उभा आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांचे कागद रातोरात हैदराबाद, चेन्नई, पुणें येथील कचेऱ्यांत येतात आणि तेथें बसलेलीं तरुण मुलें-मुली त्यांना क्रमांक लावतात. विज्ञानाची वा औषधनिर्माणाची पदवी घेतलेल्या मराठवाड्यांतील मुलांना ही एक नवी वाट मिळाली आहे, आणि देगलूरहून हैदराबाद कांहीं दूर नाहीं. हें काम टंकलेखनाचें नव्हे. अमेरिकेंत रुग्णालयास मिळणारी रक्कम निदानांच्या वजनावर ठरते. ‘आय ५०.९’ या मोघम क्रमांकानें त्या वजनांत भर पडत नाहीं, ‘आय ५०.२२’, म्हणजे जुनें दौर्बल्य, यानें थोडी पडते, ‘आय ५०.२३’नें पुष्कळ. म्हणून मोह दोन्हीकडे आहे. डॉक्टरानें कमी लिहिलें, तर रुग्णालयाचें न्याय्य उत्पन्न बुडतें. कोडरानें अधिक वाचलें, तर ती फसवणूक होते व तिच्याबद्दल तेथें कडक दंड आहेत.

या दोहोंमधून मार्ग काढणारा नियम पेढीवरच्या नियमासारखाच आहे. एकोच्या कागदावर ३० टक्के हा आंकडा ढळढळीत दिसत असला, तरी डॉक्टरानें निदानांत प्रकार लिहिला नसेल, तर कोडरानें तो आपल्या अकलेनें घालावयाचा नाहीं. त्यानें डॉक्टरास विचारावयाचें. तें विचारणेंही सरळ असावें लागतें. ‘हें दुखणें बळावलेलेंच होतें ना?’ असें उत्तर तोंडांत घालून विचारणें निषिद्ध आहे. रोग्याचीं लक्षणें व आंकडे मांडून, संभवनीय उत्तरें पुढें ठेवून, ‘सांगतां येत नाहीं’ या उत्तरालाही जागा ठेवून विचारावें, अशी रीत आहे. शाळेंतल्या परीक्षकालाही हा नियम शोभेल.

भारतांत हें काम अद्याप बाल्यावस्थेंत असलें, तरी पाया घातला गेला आहे. आरोग्याच्या संगणकीय नोंदींचीं मानकें २०१३ सालीं ठरलीं व २०१६ सालीं सुधारलीं. त्यांचें राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेंत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू होऊन प्रत्येक नागरिकास चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घेतां येऊं लागला. उद्यां देगलूरचा कागद नांदेडच्या पडद्यावर क्षणांत दिसेल. पण कोरा कागद वेगानें गेला, म्हणून तो भरलेला होत नाहीं. संगणक रोजकीर्द सांभाळतो, ती लिहीत नाहीं.

तोंवर घरच्या माणसांनीं काय करावें? पहिली गोष्ट, घरीं जातांना कार्ड हातीं आलें, कीं चार प्रश्न नम्रपणें विचारावे: ई. एफ. किती? दुखणें नवें, जुनें, कीं जुनें बळावलेलें? मूळ कारण कोणतें? आजचें वजन किती? आणि त्यांचीं उत्तरें कार्डावरच लिहून घ्यावीं. बहुतेक डॉक्टर आनंदानें लिहितात. कारण वाचणारा आहे असें कळलें, म्हणजे लिहिणाऱ्यालाही हुरूप येतो. दुसरी गोष्ट, सर्व कागद तारीखवार एका फायलींत ठेवावे. रुग्णालयांत दाखल असतांनाच्या नोंदी तीन वर्षें जपून ठेवणें व रोग्यानें मागितल्यास ७२ तासांच्या आंत त्यांच्या प्रती देणें हें २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनीं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तें मागण्यांत संकोच कशाचा? तिसरी गोष्ट, घरची एक लहान रोजकीर्द असावी. रोज सकाळीं शौचमुखमार्जनानंतर, कांहीं खाण्यापूर्वीं, त्याच कांट्यावर वजन करून तारखेसह लिहावें. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वजन चढलें, तर तें अंगावरचें मांस नसून सांचलेलें पाणी असण्याचा संभव मोठा. धाप लागण्याची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. लोणचें, पापड व वरून घेतलेलें मीठ यांचा मोह आवरावा. आणि बरें वाटलें म्हणून गोळ्या सोडूं नयेत. बरें वाटतें तें त्या गोळ्यांमुळेंच.

त्या व्यापाऱ्याच्या घरीं उधारीची वही आहे. कोणी किती नेलें, केव्हां नेलें, किती फेडलें, हें तींत पैशापर्यंत लिहिलेलें सांपडतें. वीस वर्षांपूर्वींची बाकीही तो बोट ठेवून दाखवील. त्याच वहीशेजारीं एक दोनशें पानी वही आणून ठेवली, तींत रोजचें वजन, गोळ्यांचीं नांवें आणि शेवटच्या एकोचा आंकडा लिहिला, तर खर्च चाळीस-पन्नास रुपयांचा आहे. पुन्हा एखाद्या रात्रीं त्याला धाप लागली आणि लेकीला हैदराबादच्या डॉक्टरापुढें उभें राहावें लागलें, तर तिला मोडक्या उर्दूंत कांहीं सांगावें लागणार नाहीं. ती वही पुढें करील. आंकडे तेथेंही तेच वाचले जातात.